चुकून लागलेला फोन

शेजारच्या कौसामावशीने एकदा दारात उभं राहून मला सरळच विचारलं, "शालू, तुह्यं डोकं ठिकानावर हाय ना वं?"

मी कानावरचा हेडफोन काढला. "काहून मावशी?"

"नाइ, दुपारपासून पाहून राह्यली म्या. घरात तू एकली. अन् बोलून राह्यली, हासून राह्यली. भाषाबी समजत नाइ. माय गेल्यापासून पोरीले काही झालं काय, असं वाटलं मले."

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मेडशीसारख्या गावात, आईच्या देवघराला लागून असलेल्या खोलीत बसून एक पन्नाशीला टेकलेली बाई स्पेनमधल्या लोकांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकून घेते, हे पहिल्या फटक्यात कोणालाच पटत नाही. मला स्वतःलाही कधी कधी पटायचं नाही. ती नोकरी आता राहिली नाही, म्हणून हे लिहायला बसले. राहिली असती तर यातलं निम्मं लिहिता आलं नसतं.

स्पॅनिश मी शिकले ती रांग चुकली म्हणून. बी.ए. झाल्यावर पुण्यात एका संस्थेत जर्मनला नाव घालायला गेले होते. जर्मन शिकलं की नोकरी लागते, असं मामाने सांगितलं होतं. दोन खिडक्या होत्या आणि दोन्हीकडे सारखीच गर्दी. तासभर उभी राहून खिडकीशी पोचले तेव्हा कळलं की ही स्पॅनिशची. आतल्या बाई त्रासिक चेहऱ्याने पाहत होत्या आणि मागची मुलं हसत होती. वऱ्हाडातून नुकतीच आलेली पोरगी, "अहो, माझी रांग चुकली" असं म्हणून पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहायची हिंमत माझ्यात नव्हती. मी स्पॅनिशला नाव घातलं. घरी मात्र वर्षभर सगळे मी जर्मनच शिकते आहे असं समजत होते. मीही कधी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढे त्याच भाषेने पोटाला लावलं. पुण्यातल्या एका कंपनीत घरगुती यंत्रांच्या मदतकेंद्रावर मी बसले आणि तिथेच केस पिकले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा लॉकडाऊननंतरचे दिवस होते, घरून काम करायला परवानगी मिळत होती. मी तालुक्याच्या मालेगावहून इन्व्हर्टर आणला, इंटरनेटची तार ओढून घेतली आणि मेडशीला येऊन बसले. आई वर्षभराने गेली. मी राहिले.

काम सांगायला सोपं आहे. स्पेनमध्ये कोणाचं तरी मशीन बंद पडतं. तो मशीनवरचा नंबर फिरवतो. आमच्यापैकी जी रिकामी असेल तिच्या कानात टिंग वाजतं. त्यांची सकाळ उजाडते तेव्हा आपली दुपारची जेवणं झालेली असतात. आपण गोड आवाजात नाव सांगायचं, आणि नाव खरं नसतं. मी एलेना होते. मग मॉडेल विचारायचं, दोनचार खटके दाबून पाहायला लावायचे, नाहीच जमलं तर त्यांच्या गावचा कारागीर पाठवायचा. कुठून बोलतो ते सांगायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की शेळ्यांना उंट दिसू द्यायचा नाही. फोन संपला की त्याला शिक्का मारायचा: तक्रार, चौकशी किंवा चुकीचा कॉल.

चुकीचे कॉल रोजच यायचे. कोणाला बँक हवी असायची, कोणाला दवाखाना. आपला आवाज ऐकला की ते म्हणायचे, "पेर्दोन, मे ए एकिबोकादो." माफ करा, मी चुकलो. या क्रियापदाचं मूळ रूप एकिबोकार्से. नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची. स्पॅनिश माणूस दार चुकतो, बस चुकतो, नंबर चुकतो, तिथे हे वापरतो. आणि एक वस्तू दुसरीच समजून बसला तर त्याला वेगळा शब्द आहे, कोन्फुन्दीर. दोन्ही शब्द ओळखता आले पाहिजेत, कारण गिऱ्हाईक दिवसभर हेच बोलतं. पण आपण बोलायचं नाही. कंपनीचा सक्त नियम होता की मदतकेंद्रावरच्या माणसाने "मी चुकले" असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की नुकसानभरपाईचं लचांड मागे लागतं. आपण म्हणायचं, "झालेल्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत." एवढी वर्षं मी ते क्रियापद शिकवलं, रोज कानांनी ऐकलं, पण फोनवर एकदाही तोंडातून काढलं नाही.

कोन्फुन्दीरचं उदाहरण म्हणून मी मुलींना एका गृहस्थांची गोष्ट सांगायची. रामिरो त्यांचं नाव. त्यांची तक्रार अशी की ओव्हन गरमच होत नाही. पासष्टवर ठेवला, तासभर वाट पाहिली, तरी अन्न थंड ते थंडच. वर ते ओलं होतं म्हणे. मी खटके दाबायला लावले, बंद करून चालू करायला लावलं, शेवटी दार उघडून आत काय दिसतं ते विचारलं. म्हणाले, "माझी थाळी आहे. आणि काही कप उभे करून ठेवले आहेत." मला हसू आवरेना. त्या बाबाने जेवणाची थाळी भांडी धुण्याच्या मशीनमध्ये ठेवली होती. मी सांगितल्यावर तेही खूप हसले. म्हणाले, "बायको असेपर्यंत या खोलीत मी फक्त जेवायला यायचो." मग हसणं थांबलं आणि बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची, ती मी त्यांना धडा म्हणून सांगायची. आपल्याकडे कोणी बोलायला लागलं की आपण "हो... हो... हं..." करत राहतो. त्याचा अर्थ एवढाच की ऐकते आहे, पुढे बोल. नोकरीच्या सुरुवातीला मी हीच सवय स्पॅनिशमध्ये नेली आणि "सी, सी", म्हणजे "हो, हो", करत राहायची. थंडीचे दिवस होते, एका माणसाचा पाणी तापवायचा बंब बंद पडला होता. मी पडद्यावर कारागीर शोधते आहे आणि तो बोलतो आहे. बोलता बोलता त्याने विचारलं, "म्हणजे उद्या सकाळी माणूस येईल तर?" माझं आपलं "सी, सी" चालूच. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही, म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं तेही पुढे ढकललं, आणि दिवसभर थंड घरात दाराकडे डोळे लावून बसला. कारागीर गेला त्यानंतर तीन दिवसांनी. माझ्याच आवाजातलं ते "सी, सी" मला बोलावून ऐकवण्यात आलं. मी त्याला फोन करून असुविधेबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही चुकलात एवढं म्हणा, मला दुसरं काही नको." मला ते म्हणता आलं नाही. नियम होता.

त्या दिवसापासून मी "सी" तोंडात येऊ दिलं नाही. पण सवय कुठे जाते? "सी" गेलं आणि नुसतं "हं" उरलं. तो माझ्या आईने लावलेला हुंकार होता. लहानपणी ती गोष्ट सांगायची तेव्हा म्हणायची, "हुंकार दे वं, नाइ तं म्या सांगत नाइ." हुंकार थांबला की पोरगी झोपली असं समजून ती गोष्ट तिथेच सोडायची. शेवटच्या आजारात उलट झालं. मी पलंगाशी बसून दिवसभराच्या गमती सांगायची आणि ती डोळे मिटून "हं" म्हणायची. एका संध्याकाळी मी सांगत होते आणि हुंकार आला नाही.

त्यानंतर घरात माझं बोलणं ऐकायला कोणी नव्हतं. दिवसभर मी बोलतच असायची, पण ते सगळं दुसऱ्यांच्या मशीनबद्दल. हेडफोन काढला की घर इतकं शांत व्हायचं की मी तो उगाच पुन्हा कानाला लावून बसायची. हे मी पुण्याच्या कोणाला सांगितलं नाही, आणि कौसामावशीला तर नाहीच. सांगितलं असतं तर तिने अंथरूण उचलून माझ्याकडे झोपायला आणलं असतं.

अशा दिवसांत पिलारबाईंचा फोन लागला.

"एन्कार्ना?" एक थकलेला आवाज.

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"अरे देवा. पेर्दोन, इखा, मे ए एकिबोकादो." इखा म्हणजे पोरी. फोन बंद. मी शिक्का मारला, चुकीचा कॉल.

दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज. त्यांच्या बहिणीच्या नंबरात आणि आमच्या नंबरात शेवटच्या आकड्याचा फरक होता. पुन्हा माफी. तेवढ्यात माझ्या खिडकीखाली कौसामावशीचा कोंबडा आरवला. कामाच्या वेळी मागून आवाज येणं हा मोठा गुन्हा. पिलारबाई म्हणाल्या, "कोंबडा आहे का गं तो?"

"हं."

"या वेळेला?"

"त्याचंही चुकतं कधी कधी," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, त्यांच्या डोंगरातल्या गावात आता कोंबडा नाही. उठवायलाही फारसं कोणी राहिलं नाही. शाळा बंद, पाव घेऊन येणारी गाडी आठवड्यातून मोजके दिवस, आणि हिवाळ्यात धूर निघणारी घरं हाताच्या बोटांवर.

मग त्या चुकतच राहिल्या. पुण्याच्या मुली मला सांगायच्या, "मॅडम, एक म्हातारी फोन करते, आमचा आवाज ऐकते, 'मे ए एकिबोकादो' म्हणते आणि ठेवते." माझा आवाज येईपर्यंत त्या चुकायच्या. माझा आला की आधी नेमाने म्हणायच्या, "पुन्हा चुकले गं, एलेना," आणि मग खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा. त्या सांगायच्या, मी "हं" म्हणायची. सफरचंदं कधी उतरवली, चर्चच्या घंटेचा दोर कसा तुटला, मुलगा जर्मनीत कसा रमला. एकदा त्यांनी विचारलं, "हे तू मधे मधे काय करतेस? हं, हं?"

मी म्हटलं, "माझ्या गावात गोष्ट ऐकणाऱ्याने असं करायचं असतं. नाही केलं तर सांगणारी थांबते."

"मग मी फार दिवसांची थांबलेली आहे," असं म्हणाल्या. आणि लगेच, "आता तू सांग. मी करते."

मी काय सांगणार? गाव सांगायचं नाही, देश सांगायचा नाही. मी आईबद्दल सांगितलं. पलीकडून "हं" आला, नाकातून, जरा चुकीच्या जागी, पण आला. मला रडू फुटलं. तो कॉल रेकॉर्ड झालेला असणार, आणि तो कोणाच्या ऐकण्यात आला असेल तर त्याने काय समजूत करून घेतली असेल देव जाणे.

टीम लीडरने एकदा विचारलंच, "मॅडम, चुकीचा कॉल इतका लांब कसा जातो?" आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात कौसामावशीने.

"कोनाचा फोन होता वं?"

"चुकीचा होता मावशी."

"चुकीचा होता तं येवढा येळ कायले बोलत होती?"

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला.

एन्कार्नाबद्दल मी फार उशिरा विचारलं. म्हटलं, "बहिणीचा फोन लागतो का कधी?" पिलारबाई सहज म्हणाल्या, "एन्कार्ना गेली, पोरी. तुझा पहिला फोन लागला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. हाताला सवय होती म्हणून मी तिचा नंबर फिरवत होते आणि बोट घसरलं. त्या दिवशी मी खरंच चुकले होते." मग हळूच, "नंतर नाही."

मी तोही कॉल चुकीचा म्हणूनच बंद केला. दुसरा कोणता शिक्का मारणार? तक्रार नव्हती, चौकशी नव्हती, त्यांनी आमच्या कंपनीचा साधा मिक्सरसुद्धा कधी घेतला नव्हता.

यंदा पोळ्याच्या सुमारास कळलं की मदतकेंद्र बंद होणार. यापुढे फोन मशीनच उचलणार. मशीनच्या तक्रारी मशीनने ऐकायच्या, तर्काला धरून आहे. मुलींना दुसरीकडे कामं मिळाली, मी त्यांना शिकवलं होतं त्याचा उपयोग झाला. माझ्या वयाला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, त्याचं फारसं दुःखही झालं नाही. मला धास्ती होती ती पिलारबाईंना सांगायची.

सांगितलं. "आता या नंबरावर मी नसेन. यंत्र असेल."

पलीकडून एक "हं" आला, आणि त्यानंतर त्या म्हणाल्या, "मग मी आता कुठे चुकायचं?"

माझा नंबर माझ्या ओठांवर होता. कॉल रेकॉर्ड होत होता आणि माझ्या नोकरीचा शेवटचा हिशेब अजून व्हायचा होता. गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर दिला तर काय होतं ते मी दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत पाहिलं होतं. मी म्हटलं, "झालेल्या असुविधेबद्दल..." आणि पुढे बोलवेना. त्या म्हणाल्या, "असू दे गं. जेवून घे." त्यांनीच फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नोकरी सुटल्यावर माणसं मोकळी होतात म्हणे. मी दुपारची जेवणं उरकली की रिकाम्या टेबलाशी जाऊन बसायची. सगळ्यात छळायचं ते एक चित्र. डोंगरातल्या त्या घरात पिलारबाई नंबर फिरवताहेत, यंत्र सांगतं आहे की वॉशिंग मशीनसाठी एक दाबा, फ्रीजसाठी दोन दाबा, आणि त्या यंत्राला म्हणताहेत, "माफ कर पोरी, मी चुकले." यंत्र म्हणतं, समजलं नाही, पुन्हा बोला. त्या पुन्हा बोलत असतील का? की खुर्ची न सरकवताच फोन ठेवत असतील? त्या आजारी पडल्या तर मला कोण कळवणार? माझं खरं नावही त्यांना माहीत नव्हतं.

कौसामावशी तुरीच्या घुगऱ्या घेऊन आली होती. माझं तोंड पाहून उंबऱ्यातच बसली. "त्या चुकीच्या फोनवालीचं काय झालं?" तिने विचारलं. तिला काय आठवेल याचा नेम नाही.

मी सगळं सांगितलं. म्हातारी कुठली, बहीण केव्हा गेली, यंत्र कसं बसलं. मावशी ऐकत होती, मधे मधे "हं" करत होती, आणि एवढी वर्षं मी हिला काहीच का सांगितलं नाही, याचा माझा मलाच राग आला.

"तिचा नंबर हाय तुह्यापाशी?"

"पडद्यावर दिसायचा. पाठ आहे."

"मंग लाव ना."

"नियम असतो मावशी. गिऱ्हाइकाला असं आपल्याकडून..."

"ते कोठी गिराईक होती? तूच तं म्हनत होती, चुकीचा फोन हाय म्हनून." मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "तिनं चुकून लावला तं चालते, मंग तुनं लावला तं काय होते? घुगऱ्या खाऊन घेजो. थंड्या होऊन राह्यल्या."

ती गेल्यावर मी घुगऱ्या खाल्ल्या. वाटी धुतली. बाहेर कोणाच्या तरी अंगणात सोयाबीनचं थ्रेशर चालू होतं, ते थांबायची वाट पाहिली. एवढ्या वर्षांत हजारो फोन घेतले, पण हा मी स्वतःहून लावत होते. शेवटच्या आकड्याशी मी थांबले, आणि मग दाबला.

लांबची, संथ रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. आता ठेवावा म्हणत होते, तेवढ्यात खरखर झाली आणि तोच थकलेला आवाज आला, "दीगामे?" बोला.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. एलेना म्हणावं की शालू, तेही नाही. जे तोंडात आलं ते फोनवर पहिल्यांदाच आलं. मी म्हटलं, "पेर्दोन, मे ए एकिबोकादो."

पलीकडे काहीच नाही. माझ्या खिडकीखाली तो मूर्ख कोंबडा आरवला. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून, नाकातून, अगदी बरोबर जागी:

"हं."

मी सांगायला लागले.